अर्ध्यावर थांबलेला हात

हफसा: मोटरचा ड्रायव्हर बोर्ड जळला म्हणजे कसा जळला? धूर आला, की नुसता गप्प झाला?

भूपेश: धूर आला. तू यापेक्षा मोठा ड्रायव्हर दे ना. चौकशी कशाला?

हफसा: आयटीआयमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर होतास म्हणून. आणि हा बोर्ड माझ्याच दुकानातून गेलाय म्हणून. मोटर कोणती आहे?

भूपेश: गाडीच्या वायपरची. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये भंगारात पडली होती.

हफसा: ती फिरवते काय?

भूपेश: देवीचा हात. आमच्या पाड्यावर नवरात्र बसवतात ना. या वर्षी मी म्हटलं, आरती झाली की देवीनं हात वर करून आशीर्वाद द्यायचा. दुसरा छोटा बोर्ड हुकूम देणार, ड्रायव्हर मोटरला करंट सोडणार, हात वर. सगळा पाडा मला इंजिनीअर म्हणायला लागला होता.

हफसा: ट्रायल घेतलीस ना?

भूपेश: घरी ओट्यावर कितीदा तरी. मस्त उचलायचा.

हफसा: रिकामा हात?

भूपेश: रिकामाच. पाइप आणि थर्माकोल.

हफसा: आणि काल जळला तेव्हा?

भूपेश: तेव्हा बांगड्या होत्या.

हफसा: दोन-चार?

भूपेश: दोन-चार कुठल्या? नवसाच्या असतात, काचेच्या, हिरव्या. पाड्यातली प्रत्येक बाई घालते. मनगटापासून कोपरापर्यंत हात भरला होता. लहानपणापासून बघतोय मी हे, तरी डोक्यात न्हाय आलं.

हफसा: हात वर जायला लागल्यावर त्या कोपराकडे घसरल्या असतील.

भूपेश: घसरल्या आणि सांध्यात जाऊन बसल्या. हात अर्ध्यावर थांबला.

हफसा: तिथेच खेळ खलास. मोकळी फिरणारी मोटर थोडा करंट खाते, अडकलेली मोटर कितीतरी पट खेचते. ड्रायव्हर निवडायचा तो अडकलेल्या मोटरच्या हिशोबानं. हे मी तुला त्या दिवशीच विचारायला हवं होतं. दुकानात गर्दी होती, दिला काढून. माझीपण गलती आहे.

भूपेश: तुझी न्हाय. आता कोणता घेऊ?

हफसा: हा घे. मोटर दोन्ही दिशांना फिरवतो, मागे गरमी ओढून घ्यायला ॲल्युमिनियमची जाड पट्टी आहे. याच्यावर त्रेचाळीस अँपियर लिहिलंय, पण त्या आकड्यावर जाऊ नकोस. तेवढं तो क्षणभर सोसेल, सतत नाही. तुझ्या हाताला पुरेल. पण मध्ये फ्यूज टाक आणि सांध्यावर पत्र्याचं झाकण बसव. नाहीतर बोर्ड वाचेल आणि देवीचा हात मोडेल.

भूपेश: बसवतो. बांध लवकर, आरतीच्या आत लावायचाय.

हफसा: होईल रे. पण तुझं तोंड का असं उतरलंय? या टेबलावर रोज जळके बोर्ड येतात. कामतघरचे पॉवरलूमवालेपण आणतात, कोणी सुतक पाळत नाही.

भूपेश: शेवटच्या बांगड्या आईनं घातल्या होत्या.

हफसा: कमळमावशींनी?

भूपेश: बाबा गेल्यापासून ती देवीच्या जवळ जातच नव्हती. लांबून हात जोडायची. मीच म्हटलं, आये, या वर्षी तुझ्या पोरानं हात बनवलाय, तू पण घाल. तिनं घातल्या. आरती झाली, मी बटन दाबलं, हात अर्ध्यावर गेला आणि लटकला. वरून धूर. तुळशीरामतात्या मंडळाचे अध्यक्ष, माइक त्यांच्याच हातात होता. म्हणाले, नवरा नसलेल्या बाईनं हात लावला, देवीला न्हाय चाललं.

हफसा: तू काय बोललास?

भूपेश: मी मखराच्या मागं होतो.

हफसा: बोललास काय?

भूपेश: काय न्हाय.

हफसा: सगळ्यांसमोर आईला असं म्हणाले, आणि तू काय न्हाय?

भूपेश: जळका बोर्ड माझ्या हातात होता, गरम. मी तो खिशात टाकला. लाज वाटली, हफसा. एवढा मिरवलो होतो. वाटलं, उद्या दुरुस्त करू, लोक विसरतील.

हफसा: आणि मावशी?

भूपेश: घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली. सकाळपासून देवीला माफ कर, माफ कर म्हणतेय. उपास तर आहेच, वर पाणीपण सोडलंय.

हफसा: आणि तू आज गुपचूप हा बोर्ड लावणार.

भूपेश: मग काय करू?

हफसा: जरा पुढचं बघ. मावशी आज आरतीला येणार नाहीत. तू बटन दाबशील, हात झकास वर जाईल. लोक काय म्हणतील?

भूपेश: म्हणतील की…

हफसा: म्हणतील, बघा, ती बाई नव्हती तर देवीनं आशीर्वाद दिला. कालपर्यंत नुसतं तात्यांचं बोलणं होतं. आज तू त्याचा पुरावा घेऊन चाललायस.

भूपेश: मेल्याहून मेल्यासारखं होतंय मला.

हफसा: होऊ दे. बोर्ड मी बांधते, तू फोन लाव.

(भूपेश फोन लावतो. स्पीकर चालू आहे.)

आई: कुठं हायेस रं? काय खाल्लंस का?

भूपेश: भिवंडीत, हफसाच्या दुकानात. आये, ऐक. देवीचा हात तुझ्यामुळं न्हाय थांबला. मी लावलेला बोर्ड कमी ताकदीचा व्हता. बांगड्या अडकल्या आणि तो जळला. कुनीबी घातल्या असत्या तरी जळला असता.

आई: तुला कवा कळलं?

भूपेश: तवाच. तात्या बोलत व्हते तवा बी ठाव व्हतं.

आई: तवाच व्हय.

भूपेश: व्हय, आये.

आई: बरं. आता कुनाला सांगू नको.

भूपेश: का?

आई: माझं काय, मी बसन घरात, सवय हाय. तुझं नाव झालंय पाड्यात. ते कशाला घालवतोस?

भूपेश: न्हाय. आज आरतीच्या आधी मी माइक घेनार. जळका बोर्ड सगळ्यांना दाखवनार. मंग तू बांगड्या घालायच्या. तू घातल्याबिगर मी बटन न्हाय दाबनार.

आई: तात्या ऐकतील?

भूपेश: न्हाय ऐकलं तर देवीचा हात खालीच ऱ्हाईल. आये, काल मी गप बसलो. माफ कर म्हनायला बी मला तोंड न्हाय. तू फकस्त ये.

आई: मंग कंचं पातळ नेसू?