श्रावणातला जिताडा

मी मूळचा रेवदंड्याजवळचा. वडील तालुक्याला कारकून होते, पण घरात मासा रोजचा, आणि जिताडा म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पाहुणा तसाच मोठा असला तरच यायचा तो घरी. माझं नाव घालू नका, बाकी सगळं लिहा. अकाउंट्सच्या नोकरीवर सिंगापूरला आलो त्याला एकोणीस वर्षं झाली, आता पीआर आहे, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, बेडोकला फ्लॅट आहे, आणि दर रविवारी सकाळी जेट्टीवर गळ टाकून बसायचं हा माझा नेम.

गळ टाकायला मला लिम अंकलनी शिकवलं. आमच्याच ब्लॉकमधले, रिटायर बस ड्रायव्हर, आता चौऱ्याहत्तरचे. त्यांच्याकडे दोरीला बांधलेलं एक गोल जाळं असतं, जेट्टी उंच आहे ना, मोठा मासा नुसता ओढला तर दोरा तुटतो, म्हणून जाळं खाली सोडून वर घ्यायचा. सात वर्षं आम्ही शेजारी बसलो, ते माझ्या उजवीकडे, मध्ये माझा बर्फाचा डबा, दोघांचे मासे त्यातच. इथे माझं माणूस म्हणावं असं तेवढंच, काय सांगू तुम्हाला, बाकी सगळे ऑफिसचे.

आता आमच्या घरी श्रावण कडक. बायको, मेधा, महिनाभर मासा दारात येऊ देत नाही. मला रविवार सोडवेना, तर मी तोड काढली की धरायचा आणि लगेच सोडायचा, खाल्ला नाही म्हणजे श्रावण मोडला नाही. माझी वही आहे, तारीख, मासा, अंदाजे वजन, नेला की सोडला. गेल्या श्रावणात तिसऱ्या रविवारपर्यंत बावीस धरले, बावीस सोडले, नेलेला एकही नाही, आणि मी ते मेधाला वाचूनही दाखवलं. श्रावणात मी बर्फ नेत नसे. आणि हेही सांगून ठेवतो, श्रावणात अंकल माझ्या डावीकडे बसायचे, पाणी वाहत जातं त्या अंगाला, आपला डबा घेऊन. मला वाटायचं, ऊन चुकवतात.

चौथ्या रविवारी जिताडा लागला. अडीच किलोला कमी नाही. अंकलनी जाळ्यानं वर घेतला आणि बघतो तर गळ पार घशात गेलेला. मी पकडीनं काढायला गेलो, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा गळ आला पण कल्ल्यातून रक्तही आलं. अंकल म्हणाले, घरी ने. मी म्हटलं, आमचा महिना चालू आहे, नेता येत नाही. ते म्हणाले, मग मला दे, माझ्या डब्यात बर्फ आहे. आणि इथे मी चुकलो बघा. दिला असता तर तो माझ्या हातून मेला असं झालं असतं, वहीत तेवीसपैकी एक मेला असं लिहावं लागलं असतं. मी म्हटलं, नको, जगू दे त्याला. ते त्यांच्या इथल्या बोलीत म्हणाले, हा जगणार नाही, लाह. मी कठड्यावरून मासा खाली सोडला.

खाली आपटला आणि पांढरं पोट वर करून तरंगायला लागला. अंकल जाळं घेऊन कठड्यावर वाकले, निम्मे बाहेर, मी मागून त्यांचा पट्टा धरला. जाळं एकदा आखूड पडलं, एकदा माशाच्या अंगावर पडून घसरलं, तिसऱ्यांदा पाण्यानं त्याला लांब नेलं होतं. कल्ला अजून हलत होता. दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं बघत होतो.

मग त्यांनी दोरी गुंडाळली आणि म्हणाले, तुला खायचा नव्हता, तर गळ कशाला टाकलास? मी म्हटलं, बाकीचे जगले ना, बावीस. तर म्हणाले, त्यातले आठ असेच तरंगत आले, ते मी उचलून घरी नेले. याच बाजूला बसून.

मला आठ हा आकडा आजही झोंबतो. मासा पाण्यात पडला की मी वहीत लिहायला मान खाली घालायचो, पाण्याकडे कधी बघितलंच नाही.

पुढचे तीन रविवार अंकल आले नाहीत. लिफ्टमध्ये भेटले तर मान हलवायचे, बस. मेधाला सांगितलं तर ती म्हणाली, अहो, मी खाऊ नका म्हटलं होतं. तेवढं पाळलंत, झालं. आणि कणीक मळत राहिली. मी वहीतल्या बावीस ओळींतलं सोडला खोडलं, आठांपुढे मेला लिहिलं आणि चौदांपुढे माहीत नाही.

गणपती झाल्यावर बर्फ भरलेला डबा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी झाकण उघडून बर्फ बघितला, तोंड धुतलं आणि चप्पल घातली.

सध्या श्रावणच आहे. माझा गळ कपाटावर. पण रविवारी मी जातो, त्यांचा गुडघा दुखतो, डबा मी उचलतो, बर्फ मीच नेतो, त्यांनी धरलेलं त्यांच्या घरी जातं. मेधाचा त्याला विरोध नाही. आणि ते बसतात पुन्हा माझ्या उजवीकडे, भर उन्हात.