दारातला चढ

मोठ्या शर्यतीचे नंबर वाटत होते. रांगेतल्या शिंप्याच्या पुढे एक आजी उभ्या होत्या.

“आजी, तुम्हीही पळणार?”

“मी कसली पळते! गुडघे कधीच संपावर गेलेत. एवढंच विचारायला आले, यंदा शर्यत आमच्या चढावरून नाही म्हणे?”

“नाही. सगळ्यांच्या तोंडाला फेस यायचा. आता खालचा सपाट रस्ता धरलाय.”

“अरे, धाप लागायची म्हणूनच तर माझ्या दारात टेकायचे. पाणी प्यायचे. ‘बऱ्या आहात ना?’ विचारायचे.”

“मग खाली या की बघायला.”

“सपाटीवर कोण थांबतंय, बाळा?”

“तेही खरंच.”

“पळताना वाट चुकतं का रे कुणी?”

“छे! वळणावळणावर वाट दाखवायला माणसं असतात.”

“असू देत. तरी कळशी भरून ठेवते.”