सगळं धरून

गृहस्थ : ...सबब माझं म्हणणं एवढंच आहे, की मी सात वर्षांचा नाही.

काउंटर : बरोबर आहे, काका.

गृहस्थ : बरोबर आहे म्हणजे? 'नाही' हे बरोबर आहे ना?

काउंटर : हो. म्हणजे नाही. म्हणजे आपण सात वर्षांचे दिसत नाही.

गृहस्थ : दिसण्याचा प्रश्नच नाही, बाई. मी बहात्तर वर्षांचा आहे. बहात्तर लिहिताना कुणीतरी दोनाचा आकडा गिळला आणि मी सातावर आलो. हा पिवळा पट्टा बघा मनगटावरचा. माझ्या नातीच्या हातात असाच आहे, तिच्या धाकट्या भावाच्या हातात असाच आहे. मुलगा आणि सूनबाई मात्र निळे.

काउंटर : निळा मोठ्यांचा, पिवळा लहानांचा. आमच्या रिसॉर्टमध्ये सगळ्या कुटुंबाचं स्वागत आहे.

गृहस्थ : ते झालंच आहे. सकाळी कॉफीच्या यंत्रासमोर पट्टा धरला, तर चॉकलेटचं दूध आलं. वर ते यंत्र म्हणालं, "शाब्बास, छोट्या दोस्ता."

काउंटर : सॉरी, काका.

गृहस्थ : दूध प्यायलो मी. चांगलं होतं. पोहायला गेलो तर मोठ्या तलावाचं फाटक उघडेना. मला बदकाच्या घसरगुंडीकडे पाठवलं. तिथे पाणी घोट्याएवढं. घोट्याएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस काय करतो, सांगा?

काउंटर : काय करतो?

गृहस्थ : घोटे धुतो. काल तर माझ्या गालावर फुलपाखरू काढलं.

काउंटर : आपण 'नको' म्हणाला नाहीत?

गृहस्थ : रांग होती, मी उभा राहिलो. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली. रांग कसली आहे ते विचारायची सवय नाही.

काउंटर : कुठल्या खात्यात होतात?

गृहस्थ : मोजणी खात्यात. नकाशे काढायचो. बरं, ते राहू द्या. हे सगळं मी सोसलं असतं. पण आत्ता फाटकापाशी गेलो तर पट्टा किंचाळला आणि पहारेकरी म्हणाला, "आजोबा, तुमच्याबरोबर मोठं कोण आहे?" काय सांगू त्याला? माझ्याहून मोठी जी माणसं होती, ती सगळी फोटोत आहेत.

काउंटर : लहानांना सोबतीशिवाय बाहेर सोडत नाहीत, काका. नियम आहे. पण बाहेर काही हवंय का आपल्याला? इथे आत सगळं आहे. आपलं पॅकेज 'सगळं धरून' आहे.

गृहस्थ : सगळं म्हणजे काय काय?

काउंटर : खाणं, पिणं, पोहणं, दोन खेळ, एक मसाज आणि टॉवेल.

गृहस्थ : आणि समुद्र?

काउंटर : समुद्र धरलेला नाही. तो फाटकाच्या बाहेर येतो.

गृहस्थ : समुद्राकाठी आलोय म्हणतात आणि समुद्र तेवढा सोडून सगळं धरलंय. बाई, मला त्या टोकावर जायचंय, फाटकापासून डाव्या हाताला. तिथे खडकात एक दगड आहे, मोजणीचा. चार बोटं वर आलेला, डोक्यावर फुली कोरलेली. तो मी बसवलाय. सत्तावीस वर्षांचा होतो. बहात्तरचेच आकडे, फक्त उलटे. तेव्हा इथे तुमचं हे काही नव्हतं. मी, साखळी धरायला दोन माणसं आणि एक कुत्रं. भरतीला तो पाण्याखाली जातो, ओहोटीलाच दिसतो. आज पाच वाजता ओहोटी आहे. आहे की नाही अजून, एवढं बघायचंय. पाहिला की परत येतो, मग पाहिजे तर दुसऱ्या गालावरही फुलपाखरू काढा.

काउंटर : काका, हे आपण कालही सांगितलं होतं.

गृहस्थ : काल? काल मी इथे कसा असेन? काल आम्ही प्रवासात होतो. सूनबाईंना गाडी लागली होती.

काउंटर : आज आपला तिसरा दिवस आहे.

गृहस्थ : तिसरा?

काउंटर : आणि फुलपाखरू काल काढलं, असं आपणच आत्ता म्हणालात.

गृहस्थ : म्हणालो का? ...असेल. इथे सगळे दिवस एकाच रंगाचे आहेत. रोज तेच टॉवेल, घड्या घालून तेच हंस करून ठेवलेले. माणसानं तारीख ओळखायची कशावरून? ते असो. तुम्ही ते सात खोडा आणि बहात्तर करा. निळा पट्टा द्या. पाच मिनिटांचं काम.

काउंटर : काम एका बटणाचं आहे, काका. पण... मी आपल्या मुलाला फोन केलाय. ते येताहेत.

गृहस्थ : त्याला कशाला? माझ्या वयाबद्दल त्याला माझ्याहून जास्त काय माहीत असणार? तो नंतर आलाय.

(चिरंजीव येतात. चपला ओल्या, काखेत हवा भरलेलं बदक, हातात फोन.)

चिरंजीव : बाबा! पुन्हा इथे? मी सगळीकडे बघून आलो. खोलीत नाही, जेवणाच्या हॉलमध्ये नाही. तुमची सून म्हणाली, लायब्ररीत बघ. इथे लायब्ररीच नाहीये.

गृहस्थ : तू ते बदक खाली ठेव आधी. आणि यांना सांग, माझं वय काय आहे.

चिरंजीव : बहात्तर. मॅडम, सॉरी हं, ॲक्चुअली यांना थोडं...

गृहस्थ : ऐकलंत? बहात्तर. साक्षीदार घरचा आहे, पण चालेल.

काउंटर : सर, बुकिंगमध्ये सात आहे. मी दुरुस्त करायला गेले तर खाली शेरा आलाय. 'वय बदलू नये. आधी मला फोन करावा.' नंबर आपला आहे.

गृहस्थ : कुणाचा?

चिरंजीव : बाबा, आपण खोलीत बोलू या का? एसी आहे.

गृहस्थ : एसी इथेही आहे. शेरा कुणाचा आहे?

चिरंजीव : बेसिकली, सिस्टिममध्ये दोनच पर्याय होते.

गृहस्थ : मी पर्याय विचारला नाही.

चिरंजीव : माझा आहे. मीच लिहिला.

गृहस्थ : म्हणजे दोनाचा आकडा तू गिळलास.

चिरंजीव : हो.

गृहस्थ : चुकून?

चिरंजीव : नाही.

गृहस्थ : आणि तीन दिवस... किती दिवस, बाई?

काउंटर : तीन.

गृहस्थ : तीन दिवस मी माझ्या मुलाच्या डोळ्यांदेखत चॉकलेटचं दूध पितोय, आणि तो गप्प.

चिरंजीव : काय करू मग? तुम्हीच सांगा. गेल्या महिन्यात पेपर आणायला गेलात आणि बसच्या शेवटच्या थांब्यावर सापडलात. चार तासांनी.

गृहस्थ : बस चुकीच्या बाजूला वळली.

चिरंजीव : त्याच्या आधी जुन्या घरी. ते घर विकून अकरा वर्षं झाली, बाबा. तिथल्या बाईंनी चहा करून बसवून ठेवलं होतं तुम्हाला. तुम्ही त्यांना म्हणत होता, पडदे का बदललेत.

गृहस्थ : पडदे खरंच वाईट होते.

चिरंजीव : तुमची सून म्हणाली, बाबांना घरी ठेवून जाऊ, कुणीतरी बाई बघू आठवड्यापुरती. मी म्हटलं, नाही, बाबा बरोबर येणार. मग फॉर्म भरायला बसलो. निळ्या पट्ट्याला फाटक आपोआप उघडतं. पिवळा पट्टा फाटकाजवळ गेला की माझा फोन वाजतो. दोनच रंग आहेत हो! तिसरा असता तर तो लिहिला असता.

गृहस्थ : मी नकाशे काढलेत. या सगळ्या किनाऱ्याचे. मला वाट सांगतोस?

चिरंजीव : सांगत नाहीये. मला भीती वाटते, एवढंच.

गृहस्थ : एखादा दिवस इकडेतिकडे होतो माणसाचा. एखादा शब्द जातो. एवढ्यावरून माणूस बालवाडीत बसवतात? बाई, तुम्ही सांगा. मी तुमच्याशी अर्धा तास बोलतोय. काही वेडंवाकडं बोललो?

काउंटर : नाही, काका. अगदी मुद्देसूद बोललात.

गृहस्थ : बघ.

काउंटर : कालही असंच मुद्देसूद बोलला होतात. मी म्हटलं, लेखी तक्रार द्या. ती दिली होती आपण. ही बघा.

गृहस्थ : मी? दाखवा. ...चष्मा. हं. "विषय : माझे वय सात नसल्याबाबत." ...हे कुणी लिहिलं?

काउंटर : आपण. इथेच, या खुर्चीवर बसून. पेन माझं घेतलं होतं.

गृहस्थ : 'व' माझाच आहे. पोटात टिंब देतो मी, साहेब रागवायचे. ...आणि खाली हे काय आहे?

काउंटर : नकाशा काढला होता आपण. मला कळावं म्हणून. हे काउंटर, हे फाटक, हा खडक आणि ही फुली.

गृहस्थ : उत्तर दिशा दाखवलीय. प्रमाणही लिहिलंय. ...नकाशा बरोबर आहे, रे.

चिरंजीव : हो, बाबा.

गृहस्थ : नकाशा अगदी बरोबर आहे. पण काढल्याचं आठवत नाही.

चिरंजीव : बसा जरा. पाणी आणू?

गृहस्थ : बसलोच आहे. ...सातच का लिहिलंस? लहानच करायचं होतं तर पाच लिही, तीन लिही. माणूस उगाच सात लिहीत नाही.

चिरंजीव : सोडा ना आता.

गृहस्थ : सांग.

चिरंजीव : सातच्या आतल्यांना समुद्र नाही. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात होतं. सात ते बाराच्या मुलांना रोज पाच वाजता नेतात समुद्रावर. दोरीनं.

गृहस्थ : दोरीनं म्हणजे?

काउंटर : लांब दोरी असते, काका. तिला गाठी मारलेल्या. एकेका मुलानं एकेक गाठ धरायची आणि रांगेनं जायचं. पुढे आमची एक ताई असते. त्या डाव्या टोकापर्यंत जातात, शंखशिंपले वेचतात आणि परत येतात.

गृहस्थ : डाव्या टोकापर्यंत?

चिरंजीव : तुम्ही दगडाचं बोलत होता ना, निघायच्या आधीपासून. मला वाटलं, सात लिहिलं तर... तेवढं तरी होईल.

गृहस्थ : म्हणजे मोजून लिहिलंस.

चिरंजीव : मोजूनच.

गृहस्थ : मग दोन दिवस नेलं का नाही मला?

काउंटर : परवा समुद्र फार खवळला होता, म्हणून दोरी रद्द झाली. आणि काल दोरी निघाली तेव्हा आपण इथे तक्रार लिहीत होतात.

गृहस्थ : वा. म्हणजे समुद्रावर सोडत नाहीत, ही तक्रार लिहिण्यात समुद्र गेला.

काउंटर : मी आपल्याला सांगायला हवं होतं. मला वाटलं, मुलांच्या दोरीला जा म्हटलं तर आपण चिडाल.

गृहस्थ : चिडलोच असतो. लेखी चिडलो असतो.

काउंटर : काका, मी अजून बदलू शकते. सर, मला माफ करा, पण काका स्वतः समोर बसून मागताहेत. ते म्हणाले तर मला निळा द्यावा लागेल. देऊ का, काका?

चिरंजीव : बाबा...

गृहस्थ : तू थांब. वाजले किती?

काउंटर : पाचला दहा कमी.

गृहस्थ : दोरीला गाठी किती?

काउंटर : दहा.

गृहस्थ : आज मुलं किती आहेत?

काउंटर : आठ. आपली नात धरून.

गृहस्थ : मग दोन गाठी रिकाम्या राहतात. पट्टा राहू द्या. शेवटची गाठ माझी.

चिरंजीव : बाबा, तुम्हाला खरंच चालेल?

गृहस्थ : साखळी ओढताना पुढचा माणूस नुसता चालतो. जाणता माणूस मागच्या टोकाला लागतो. सगळी रांग सरळ आहे की नाही, ते त्याला दिसतं. तू नववी धर.

चिरंजीव : मी? मला निळा पट्टा आहे. मोठ्यांना दोरीवर घेत नाहीत.

गृहस्थ : बाई, याचं वय काय लिहिलंय?

काउंटर : बेचाळीस.

गृहस्थ : त्यातला दोन काढला तर?

काउंटर : चार राहतात. चारला समुद्र नाही.

गृहस्थ : आणि चार काढला तर?

काउंटर : दोन. दोनला तर घसरगुंडीही नाही.

गृहस्थ : कुठूनही सोलला तरी हा अडकतो. लहानपणापासून असंच आहे याचं.

काउंटर : सर, तुम्ही पट्टा बाहीत सरकवा आणि जा. दोरीवाल्या ताईला मी फोन करते. ती विचारणार नाही. फक्त बदक इथे ठेवा.

चिरंजीव : थँक यू. खरंच. बाबा, चला. इकडून नाही, तिकडून.

गृहस्थ : नकाशा घेतलाय मी. फाटक उजवीकडेच आहे.

चिरंजीव : ...हो. उजवीकडेच आहे. बाबा, पण एक विचारू? पंचेचाळीस वर्षं झाली. तो दगड तिथे नसला तर?

गृहस्थ : नसला तर उद्या पुन्हा बघायला येऊ. आज नव्हता, एवढं मला उद्या सांगू नकोस.