मारुतीचा अर्धा शेंदूर

मंडळी, रामराम! आधी एक प्रश्न. प्रश्न माझा नाही हं! त्या मागच्या खांबाला टेकून नववी ‘ब’च्या चार पोरी तोंडावर ओढण्या धरून बसल्यात ना — त्यांचा! काल मधल्या सुट्टीत म्हणाल्या, “भर कीर्तनात विचारून दाखव, मग तुला मानू!” मग काय, विचारते!

अख्खा द्रोणागिरी एका हातावर तोलून मारुतीराय लंकेला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा खांदा धरला असेल की नाही?

हसा, हसा! पेटीवर बसलेले आप्पासुद्धा हसले, सूर सुटला त्यांचा! पण या खिदळण्याच्या पोटात खरा प्रश्न आहे. समजा, धरला खांदा. मग मारुतीरायांनी रामाला सरळ सांगितलं असतं, की “काही नाही प्रभू, झोपेत जरा अवघडलाय” म्हणून लपवलं असतं? दुखणं लपवणं ही भक्ती — की नुसता भंपकपणा?

हात दिले देवें । हालवाया नित्य ।
थांबविता सत्य । गंज चढे ॥

हा अभंग कुठल्या गाथेत शोधू नका. परवा भूगोलाच्या तासाला मलाच सुचला. सर, तुम्ही ऐकलं नाही असं समजा!

चला, उजवे हात वर! अगदी वर, दंड कानाला लागू द्या — बोला, बजरंगबली की जय! ... शाब्बास! एक हात मात्र वर आला नाही. कुणाचा, ते मी बघितलंय. असू दे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

तर मंडळी, हिंगणमाळ नावाचं गाव. गावात मारुती — चांगला पुरुषभराहून उंच, पोट सुटलेलं, गाल फुगलेले, आमच्या पीटीच्या सरांसारखा! त्याचा पुजारी रामलिंग गुरव. दर शनिवारी पहाटे तेल-शेंदूर घालायचा. आणि त्या देवळाचा एक दंडक होता. पाट नको, शिडी नको. जमिनीवर टाचा टेकून ज्याचा उजवा हात देवाच्या माथ्याला लागेल, त्याच्या घरात पूजेचा मान. हनुमान जयंतीला अख्ख्या गावासमोर हे बघितलं जायचं. रामलिंगाच्या आज्याचा हात लागला, बापाचा लागला, रामलिंगाचाही लागत होता. आणि शेजारच्याच घरात त्याचा चुलतभाऊ मार्तंड दर वर्षी टपून उभा राहायचा — की बाबा, याचा हात कधी एकदा कमी पडतोय!

आणि पौषातल्या एका शनिवारी पडला की हो कमी!

गेले काही दिवस खांदा ठणकतच होता. त्या पहाटे रामलिंगानं शेंदराची वाटी घेतली, हात उचलला — छातीपाशी आला आणि थांबला. दार बंद! जोर लावला तर अशी कळ निघाली की रामाचं नाव घ्यायच्या ऐवजी त्यानं... जाऊ द्या, कीर्तनात सांगण्यासारखं नव्हतं ते! घाम फुटला बिचाऱ्याला. कळेचा नाही, मार्तंडाचा! शनिवार हातातनं गेला तर आपण कोण? नुसता पन्नाशीचा एक माणूस, देवळाच्या पायरीवर बसलेला.

तेवढ्यात सरपंचांची आई दर्शनाला आली. बघते तर मारुती छातीपर्यंत शेंदरी, वर कोरडा! “का रं रामलिंगा, शेंदूर संपला व्हय?”

आता खरं सांगायला काय झालं होतं? “आत्या, खांदा धरलाय.” तीन शब्द! पण नाही. रामलिंग म्हणाला, “सपान पडलं, आत्या. देव म्हनला, यंदा छातीच्या वर शेंदूर नगं.”

झालं! थाप मारायला क्षण लागतो, पण तिला पाय फुटले की ती एस.टी.च्या आधी गावभर पोचते. संध्याकाळी पारावर अर्थ लावून झाला — देवानं जर छातीच्या वर काही लावून घ्यायचं नाही, तर भक्तानं छातीच्या वर हात का न्यायचा? ठरलं! गावानं व्रत धरलं!

बायकांनी धुणं वाळत घालायच्या दोऱ्या छातीइतक्या खाली बांधल्या. शेरडांनी दोन धोतरं आणि सरपंचांची बनियन खाल्ली! चिंचा पाडायला हात कोण वर करणार? पोपटांची चंगळ! आणि शाळेत तर काय आनंद — गुरुजींनी प्रश्न विचारला की एकही हात वर नाही. “गुरुजी, उत्तर येतंय हो, पण व्रत आहे!” असं व्रत आपल्या गावात का नाही हो?

आणि सगळ्यांत कडक व्रत कुणाचं? मार्तंडाचं! रामलिंगापेक्षा आपली भक्ती तसूभर जास्त दिसायला नको? त्यानं उजवा हात उपरण्यानं पोटाशी बांधूनच टाकला. “जयंतीलाच सोडीन!” म्हणाला.

इकडे रामलिंगानं बिब्बा घातला, लसणीचं तेल जिरवलं. हात हलवला की दुखतो, म्हणून हलवायचाच बंद केला. लोकांना व्रत दिसत होतं, त्याला रात्री कूस बदलता येत नव्हती. एका दुपारी सदरा काढताना डोक्यातच अडकला. एक बाही आत, एक बाहेर, मधे डोकं! बायको गिरजा चुलीपुढून उठली. “ह्येबी देवानं सपनात सांगितलं का — सदरा बायकोनं काढावा म्हणून?”

“गिरजे, हळू! मार्तंड ऐकंल!”

“ऐकू दे! मला लुगडं नेसाय येतं, तुमाला सदरा काढाय येईना. उद्या तालुक्याला चला. मुलाण्याची तबस्सुम तिथल्या सरकारी दवाखान्यात बसती.”

तबस्सुम म्हणजे गावातलीच पोर. लहानपणी याच मारुतीच्या प्रसादासाठी सगळ्यांच्या पुढे हात करायची. मिरजेला शिकून फिजिओथेरपिस्ट झालेली. तिच्या दारातल्या बाकावर कोण नव्हतं! कमरेतून पायात कळ जाणारा ट्रॅक्टरवाला. प्लास्टर निघालं तरी कोपर न वाकणारी पोरगी. पक्षाघातानंतर पाऊल टाकायला पुन्हा शिकणारे एक मास्तर. मोबाइलात बघून बघून मान धरलेला कॉलेजकुमार — नववी ‘ब’, ऐकताय ना?

तबस्सुमनं रामलिंगाचा हात पुढून, बाजूनं, पाठीमागून फिरवून बघितला. “काका, खांदा गोठलाय तुमचा. साखर तपासली?”

गिरजा म्हणाली, “कशाला तपासत्यात? मारुतीपुढचे पेढे कोण खातंय, ते इचार!”

“आधी ती तपासायची. आणि काका, हात जपून जपून आणखी आखडून घेतलाय. आता त्याला रोज थोडं थोडं चालवायचं. वाकून हाताला लोलकासारखा झोका द्यायचा. आणि भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, मुंगी चढते तशी. दुखेल, पण सोसेल एवढंच. झटका नाही, जोर नाही.”

“जयंतीपर्यंत माथ्याला लागंल का, पोरी?”

“असा शब्द मी देत नाही, काका. गोठलेला खांदा सुटायला महिने लागतात. वर मात्र जाईल. अंगारा नाही हा, व्यायाम आहे. केला तर लागू पडतो!”

आता घरी व्यायाम करावा, तर भिंतीपलीकडं मार्तंडाचं घर. मग कुठं करायचा? रामलिंगानं शोधली भिंत. कुठली? अहो, साक्षात मारुती! रोज पहाटे गाभाऱ्याचं दार लोटून घ्यायचं, बोटं शेंदरात बुडवायची आणि देवाच्या पोटावरून मुंगीसारखी वर चालवायची. पहिले कितीतरी दिवस बोटं छातीवरच अडून बसली. मग कंठ आला. मग हनुवटी!

आणि गावात एकच गलका — शेंदूर चढतोय! देव प्रसन्न होतोय! पारावर नवा नियम निघाला — शेंदूर जिथवर, तिथवर हात न्यायला मुभा. शेंदूर हनुवटीला पोचला, तशा दोऱ्या हनुवटीला बांधल्या. शाळेत पोरं हनुवटीपर्यंत हात वर करायला लागली. गुरुजींना कळेना, उत्तर येतंय की दाढ दुखतेय!

आली जयंती. पहाटे सगळं गाव देवळात. दाराशी तबस्सुम आपल्या अब्बांबरोबर उभी. मार्तंड सगळ्यांत पुढे, पोटाशी हात बांधलेला. रामलिंगानं बोटं बुडवली. छाती... कंठ... नाक... कपाळ! गाव ओरडतंय, “चढ! चढ!” आणि माथा चार बोटं राहिला असताना — थांबला हात. दात आवळले, डोळ्यांत पाणी. तबस्सुम दारातून म्हणाली, “काका, झटका देऊ नका.”

मंडळी, टाच जरा उचलली असती तर लागला असता हो! पायघोळ धोतर, कुणाला दिसलंही नसतं. रामलिंगानं खाली बघितलं. टाचेत जीव गोळा झालाच होता. मग त्यानं देवाच्या तोंडाकडं बघितलं — कपाळापर्यंत शेंदूर, त्यात तेवढे कोरडे डोळे, लबाडी पकडल्यासारखे. टाच टेकलेलीच राहिली.

त्यानं हात खाली घेतला आणि गावाकडं वळला. “सपान न्हवतं. खांदा हुता. दुखत हुता. मान जाईल म्हनून लपवलं.”

आणि मग सरपंचांची आई — “मुडद्या! माझ्या लेकाची बनियन शेरडानं खाल्ली तुझ्या खांद्यापायी!”

मार्तंडाची मात्र दिवाळी! पुढं झाला, उपरणं सोडलं, बोटं शेंदरात बुडवली, ऐटीत हात उचलला... आणि तो छातीपाशी थांबला!

महिनोन्‌महिने बांधून ठेवला होता ना! “आई गंऽऽ!” म्हणत हिंगणमाळचा सगळ्यांत मोठा भक्त खाली बसला. तबस्सुमनं कपाळाला हात लावला. “मार्तंडकाका, उद्या माझ्याकडं या. रामलिंगकाकांबरोबर एकाच एस.टी.नं!”

त्या वर्षी जयंतीला देवाचा माथा कोरडा राहिला. काही बिघडलं? पर्वत उचलणारा देव चार बोटांसाठी रुसतो होय! गावानं ठरवलं, ज्याचा हात आधी लागेल त्याचा मान. दोघं भाऊ रोज पहाटे मारुतीच्या दोन बाजूंना उभे, बोटं चालवतायत, भांडतायत — “जोर लावू नगंस, तबस्सुम रागवंल!” आणि श्रावणातल्या एका शनिवारी रामलिंगाचं बोट माथ्याला टेकलं. मार्तंडाचं होतं देवाच्या कानाशी. तो म्हणाला, “थांब की जरा, मीबी आलोच!” आणि रामलिंग थांबला, मंडळी. हात वरच ठेवून थांबला!

आता तुमच्याकडं वळते. हसू नका! तुम्ही काय करता? गुडघ्याला म्हणता वय झालं, कमरेला म्हणता काम पडतं, मानेला म्हणता उशी बदलली. रामलिंगानं एक स्वप्न सांगितलं, आपल्याकडं घरोघरी रोज नवं स्वप्न!

आणि तो मघाचा हात? तो पहिल्या रांगेत बसलाय, हिरव्या बांगड्यांचा. आई, खाली बघू नकोस! दिवाळीपासून माझी वेणी वाकडी येतेय. मला वाटलं, फॅशन! तू डब्यांच्या फळीवरचं सगळं खाली मांडलंस, मला वाटलं, आवराआवर. म्हणतेस, झोपेत अवघडलाय. आणि बाबा, तुम्ही म्हणता, होईल आपोआप.

तर आई, बाबा, सगळ्या गावाच्या साक्षीनं ऐका. उद्या मी शाळेला दांडी मारणार आहे. सर, हे मात्र ऐकलंत तरी चालेल! पहिल्या एस.टी.नं मी आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेणार, फिजिओथेरपीच्या ताईंना खांदा दाखवणार, आणि त्या सांगतील ते रोज तिच्याकडून करून घेणार. बाबा, उद्याचा स्वयंपाक तुमचा. पोळ्या जमत नसतील तर भात टाका. आणि वेणी मी वाकडीच घालून फिरणार, आईचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचेस्तोवर.

विचारत नाहीये. सांगतेय!