बिननावाचं बटण

भाची : थांब रे मामा, जेवायला येते. ही स्क्रिप्ट पुन्हा अडकली.

मामा : कुठे?

भाची : ग्रंथालयाची वेबसाइट तपासायचं काम आहे. माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, माणसासारखं पान उघडते, पुस्तक शोधते, बटणं दाबते. पण ‘मुदत वाढवा’पाशी आली की ढिम्म हलत नाही.

मामा : अगं, मीही तिथेच अडकतो!

भाची : तू?

मामा : मला दिसत नाही, म्हणून फोन पान वाचून दाखवतो ना? बाकी सगळं घडाघडा बोलतो. तिथे आला की नुसतं “बटण”, “बटण”. कुठलं कसलं, ते नाही! एकदा अंदाजानं एक दाबलं, तर ऐकत होतो ती रहस्यकथाच ग्रंथालयाला परत गेली. तेव्हापासून शेजारच्या वहिनींना हाक मारतो.

भाची : आणि मला बोलला नाहीस?

मामा : मला वाटलं, मलाच जमत नाही.

भाची : बघू... हं. ‘मुदत वाढवा’ आणि ‘परत करा’, दोन्हींवर नुसतं बाणाचं चित्र आहे. नावच दिलेलं नाही. स्क्रिप्ट नावानं शोधते, तिला सापडणार कसं?

मामा : मग?

भाची : साहेब म्हणतात, स्क्रिप्टमध्ये ‘वरून तिसरं बटण दाब’ असं लिही आणि मोकळी हो.

मामा : मग हो की. माझ्यापायी साहेबांशी वाकडं नको.

भाची : गप रे. साइट बनवणाऱ्या प्रोग्रामरलाच फोन लावते.

(फोन स्पीकरवर.)

प्रोग्रामर : बोला ताई.

भाची : ग्रंथालयाच्या साइटवर मुदतीच्या आणि परतीच्या बटणांना नाव दे.

प्रोग्रामर : चित्र आहे की! कुणालाही कळेल.

मामा : नमस्कार. मला नाही कळत. दिसत नाही मला. तुमच्या बटणापायी माझा खुनी निसटला, शेवटचा अर्धा तास राहिला होता.

प्रोग्रामर : अरेरे... हे डोक्यातच आलं नाही, काका. एकेका ओळीचं काम आहे. लगेच करतो.

(थोड्या वेळानं.)

भाची : ...सापडलं! मामा, स्क्रिप्टनं दाबलं बघ! आता तू.

मामा : थांब, घाई नको. ...“मुदत वाढवा, बटण.”

भाची : दाब ना.

मामा : दाबलं. “मुदत वाढली.”

भाची : चल, जेवण निवतंय. मामा, ठेव ना तो फोन.

मामा : थांब गं. “मुदत वाढली” पुन्हा एकदा ऐकतोय.