चुलीपुढचं आयटी

(जून २००५. तळेगाव ढमढेरे. अकरावीच्या नव्या मुलांसाठी आणि पालकांसाठी ठेवलेला कार्यक्रम नुकताच संपलाय. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबबाहेर हर्षदा आणि तिची आई धुरपदा.)

धुरपदा : पर माझं नाव कशापायी घेतलंस त्या माईकवर? मी आपली मागं बसले व्हते गुमान.

हर्षदा : मग काय खोटं बोलू? दरेकर सर म्हणाले, बारावीला आयटीत कॉलेजात पहिली कशी आलीस ते नव्या पोरांना सांग. मी सांगितलं.

धुरपदा : मग अभ्यासाचं सांगायचं. आय भाकरी थापत ऐकायची, हे काय सांगायचं असतं व्हय? शेजारची बाई लगीच वळली माझ्याकडं. तुमचीच का वो पोरगी, म्हणं.

हर्षदा : तू काय म्हणालीस?

धुरपदा : काय म्हणणार! मान हलवली.

हर्षदा : आणि मी बोलत होते तेव्हा खाली मान घालून बसली होतीस. मी दोनदा बघितलं तुझ्याकडं. म्हटलं, हिला आवडलेलं दिसत नाही.

धुरपदा : खाली कुटं? मी लोकांकडं बघत व्हते. तुला काय, मी रोजच बघती. समदी माणसं तुझ्याकडं कशी बघत्यात, ते मला बघायचं व्हतं.

हर्षदा : ...चल, आत चल. सरांनी लॅब उघडी ठेवलीय. चपला इथं काढ.

धुरपदा : का? देऊळ हाय का काय?

हर्षदा : धूळ चालत नाही मशीनला.

धुरपदा : मंग आपल्या केंदूरला आलं तर बसलंच म्हणायचं ते! ...हेच का गं? एवढंसंच?

हर्षदा : तुला काय वाटलं होतं?

धुरपदा : दोन वर्सं घरात ह्याच्याबिगर बात न्हाई. मला वाटलं, चांगलं कपाटाएवढं असंल. आन् ही पोरगी कोण बसलीय कोपऱ्यात?

रुपाली : मी... मी उठते, ताई. सरांना विचारून बसले होते.

हर्षदा : अगं बस, बस. नवीन ना तू? नाव काय?

रुपाली : रुपाली. आमचं गाव भांडगाव, सोलापूर रोडचं. इथं केंदूरला मामाकडं राहते, कॉलेजसाठी.

धुरपदा : केंदूरला? कुणाची गं भाची?

रुपाली : साहेबराव मामांची. ओढ्याच्या पलीकडं मळा आहे बघा.

धुरपदा : आगं, मंग आमच्या वस्तीवरून दिसतो की तुमचा मळा! कोथमीर, मेथी असती कायम.

रुपाली : हां, तोच. ताई, खरं सांगू का? मी सरांना सांगायला आले होते की मला आयटी नको. सरांनी बळंच लिहिलंय माझं नाव. मला त्याच्या जागी मराठीच घ्यायचंय. उद्यापर्यंतच विषय बदलता येतो.

हर्षदा : मग सांगितलंस?

रुपाली : नाही अजून. मघाशी कार्यक्रमात तुम्ही फळ्यावर त्या ओळी लिहिल्या ना, त्या उतरवून घेतल्या. म्हटलं, जायच्या आधी एकदा करून तरी बघू. तर हे बघा ना! तुम्ही केलं तेव्हा नाव मोठ्या निळ्या अक्षरांत आलं. माझ्याकडं नुसतं मी लिहिलंय तसंच दिसतंय. ते कंस-बिंस सगळ्यासकट.

धुरपदा : उघडलंय ते मिटलंय का?

रुपाली : काय, मावशी?

हर्षदा : त्या कंसांतल्या टॅगचं विचारतेय ती. प्रत्येक टॅग उघडला की बंद करायचा, आणि शेवटी उघडलेला आधी बंद करायचा. माझं तिथंच चुकायचं. आईला तेवढं पाठ झालंय.

धुरपदा : मेंढरांच्या जाळीचं, वाघुरीचंच हाय की ते. मेंढरं आत घेतली की दार लावायचं. आतलं आधी, बाहेरचं मागनं.

रुपाली : थांबा, बघते... हे मिटलं. हे मिटलं. हेपण. सगळी दारं लावलीत, मावशी.

धुरपदा : मंग माझी अक्कल सरली. तू बघ गं, हर्षे.

हर्षदा : रुपाली, फाईलचं नाव वाच.

रुपाली : भांडगाव डॉट... टीएक्सटी. मी नाही लावलं हे!

हर्षदा : नोटपॅड आपणहून लावतं. त्यामुळं कॉम्प्युटरला वाटतंय, ही साधी चिठ्ठी आहे, आहे तशी दाखवावी. तिथं एचटीएमएल लाव. सेव्ह कर. आता परत उघड. मी हात लावणार नाही, तूच उघड.

रुपाली : ...आलं! ताई, आलं! मावशी, बघा, माझं गाव आलं!

धुरपदा : काय लिवलंय?

रुपाली : भांडगाव. निळ्या अक्षरांत.

धुरपदा : झ्याक दिसतंय.

हर्षदा : आता तुझं कौतुक ऐक. मला हेच कळायला आठवडा लागला होता. फ्लॉपीत भरून सरांकडं गेले, तर ती फ्लॉपीपण खराब निघाली.

रुपाली : पण तुम्ही हुशार आहात. आमच्या वर्गात दोघं पुण्याहून आलेत, त्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे. मी आज पहिल्यांदा माऊस धरला. पुस्तक सगळं इंग्रजी. पहिलं पान तीनदा वाचलं, काही कळलं नाही.

हर्षदा : मी पहिल्या चाचणीत नापास झाले होते, रुपाली.

रुपाली : हे नाही सांगितलं तुम्ही माईकवर.

हर्षदा : सांगणार होते. सरांनी घड्याळ दाखवलं. घरी येऊन आईला म्हटलं, मी उद्या मराठी घेते. हे आपलं काम नाही.

धुरपदा : रडून रडून त्वांड सुजलं व्हतं. हिचे वडील म्हणले, दे सोडून, पोरीला तरास कशाला.

रुपाली : मग तुम्ही काय म्हणालात, मावशी?

धुरपदा : मी काय म्हणणार? मी शाळंची पायरी चढले न्हाई. लगीन झाल्यापासनं मेंढरांमागं हिंडले. ही शाळंत जायला लागली तवा कुटं वस्तीवर टिकलो. मी म्हणलं, बया, सोडायचं तर सोड. पर काय सोडतीस ते तरी मला सांग.

हर्षदा : आणि मी सांगायला बसले. ती भाकरी करतेय, मी जात्याला टेकून. म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारची मेमरी असते. तर म्हणे, दोन कशाला? म्हटलं, असंच असतं. तर म्हणे, असंच म्हंजी कसं?

धुरपदा : मला खरंच कळलं नव्हतं, बाई.

हर्षदा : मलापण कळलं नव्हतं! तेव्हा लक्षात आलं. मी नुसतं पाठ केलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन विचारलं, सर, दोन कशाला? वर्गात सगळे हसले. सर नाही हसले. लाईट गेली की काय पुसलं जातं आणि काय राहतं, ते त्यांनी अर्धा तास समजावलं. संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं.

धुरपदा : आन् मी म्हणलं, लाईट तर आपल्याकडं रोजच जाती. मंग जपूनच ठिवायला पायजे.

हर्षदा : तेव्हापासनं रोज. तिला कळलं नाही तर मी सरांकडं. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य तिला मराठीत सांगायचं म्हणजे आधी मला कळायला लागायचं. परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, हे असं का केलंस? मी सांगत सुटले. त्या म्हणाल्या, पुरे, पुरे, बाळ, कळलं मला.

रुपाली : म्हणून मावशींचं नाव घेतलंत.

हर्षदा : म्हणून घेतलं. परत बोलावलं तर परत घेईन.

धुरपदा : ऐकलंस का? ऐकत न्हाई कुणाचं.

रुपाली : पण ताई, मी कुणाला सांगणार? आई भांडगावला. मामा-मामी दिवसभर जुड्या बांधतात, पहाटं मार्केटला. जेवतानासुद्धा भाजीच्या भावाचंच बोलणं असतं. मी काही विचारलं तर म्हणतात, तू शिकलेली, तुला ठाऊक.

हर्षदा : मैत्रीण बघ एखादी.

रुपाली : अजून कुणी ओळखीचं नाही.

हर्षदा : मी ऐकलं असतं, पण मी आता पुण्याला चाललेय. बीसीएसला, कॉम्प्युटरच्याच. आठ दिवसांनी हॉस्टेलला जाईन.

धुरपदा : जाशील की. खोलीबी मिळालीया. समदं झालंय.

हर्षदा : आई, काय झालं?

धुरपदा : काय व्हायचंय? बरंच झालं म्हणते मी. आपल्या वस्तीवरनं पुण्याला शिकाय गेलेली पयलीच पोरगी तू. मी समद्यास्नी सांगत सुटलीया.

हर्षदा : मग आवाज का असा?

धुरपदा : आगं, सांजच्याला चूल पेटवली की माझा कान आपसूक तुझ्या आवाजाकडं जातो. सवय लागलीय. दोन वर्सं झाली. आता तुझे वडील बोलणार ते कांद्याचं. त्यात काय इचारायचं?

हर्षदा : मी फोन करीन ना एसटीडीवरनं. दुकानात निरोप ठेवीन.

धुरपदा : फोनवर कवा शिकवतीस? जा, तू शिक. तुझं तिकडं मोठं असंल समदं. ...रुपाले.

रुपाली : काय, मावशी?

धुरपदा : ओढा ओलांडून आलीस की आमचीच वस्ती. कुत्रं हाय, पर दिवसा बांधलेलं असतं. पुस्तक घिऊन येत जा.

रुपाली : खरंच येऊ? रोज?

धुरपदा : रोज ये. भाकरीबी खा. पर मला काय येत न्हाई बरं का, आधीच सांगती. मी निस्ती ऐकंन.

हर्षदा : आई, तुझ्या ऐकण्याला घाबरायचे मी, सांग तिला.

रुपाली : मग मी... सरांना काही सांगत नाही. आहे तेच राहू दे.

हर्षदा : विचार करून सांग. दोन वर्षं आहेत.

रुपाली : केला, ताई. मावशी, मशीन बंद करू का आता?

धुरपदा : थांब गं. एवढ्यात कशाला? आज काय काय केलंस, ते सांगितलंच न्हाईस मला.

हर्षदा : आई, केंदूरची जीप भरत आलीय. हाका मारतोय बघ ड्रायव्हर. जाईल ती.

धुरपदा : जाऊ दे. मागची येईल. तू सांग, पोरी.