वाक्यात उपयोग करा

नाय सर, इंद्रजीत घरी नाय, सेकंड शिफ्टला गेला — आन् प्रेरणा पण नाय, ती तालुक्याला, कन्नड गावाला कॉलेजात गेली, संध्याकाळच्या गाडीनं येईल — तुमी असे उन्हात नका थांबू, टेका ओट्यावर. क्लास काहून सोडला हेच विचारायला आले ना? वाटलंच मला. क्लासातला माणूस यायचा बंद झाला म्हणून गाडी काढून रांजणगावापर्यंत येणारा मास्तर मी पैल्यांदाच पाहिला. मी आवडाबाई, ह्या खोल्यांची मालकीण. त्याची अन् माझी भिंत एकच, तवा तुम्हाला त्याच्यापेक्षा माझ्याकडूनच जास्त कळेल. मी काय कान लावून बसत नाय हां — भिंतच पातळ हाय.

तर हे नवरा-बायको पिशोरचे. दुष्काळाच्या साली आले. मका जळाली, कपाशी गुडघ्याच्या वर गेली नाय, आन् प्रेरणाची एक माहेरची म्हैस व्हती, लई लाडाची. प्रेरणा चुलत भावाच्या लग्नाला माहेरी गेली आन् इकडं ह्यानं म्हैस बाजारात नेऊन विकली. चारा नव्हता, पाणी नव्हतं, दुसरं काय करणार — पण विचारलं नाय. ती परत आली तर खुंट्याला नुसता दोर. मंग ह्याला वाळूजला कंपनीत काम लागलं, टेम्पोत सामान घालून आले इथं. सामान उतरलं, पण ती त्याच्याशी बोलेना. स्वयंपाक करायची, डबा भरायची, ताट वाढायची, तोंडातून शब्द नाय. टँकर आला तर आला म्हणायची नाय, हंडा आपटायची, की ह्यानं ओळखायचं. आन् तो बिचारा गॅसच्या टाकीशी बोलायचा — 'भाजीत मीठ कमी हाय वाटतं' असं टाकीला सांगायचा. हसू नका सर, आमी रोज ऐकायचो.

मंग त्याला सुपरवायझर व्हायचं डोक्यात आलं. त्याला इंग्लिश लागतं, साधं नाय, भारीतलं, म्हणून तुमच्याकडं नाव घातलं. शिफ्टवरून आला की उंबऱ्यात बसायचा आन् मोठ्यानं — शब्द, अर्थ, उच्चार, वाक्यात उपयोग — लहान पोरं पाढे म्हणतात तसं. एका संध्याकाळी त्याचं 'सब्टल, सब्टल' चाललं व्हतं. मला काय, सब्टल असलं काय नसलं काय. तर आतून आवाज आला — 'सटल. त्यातला बी लिहायचा, बोलायचा नाय.' मी पीठ चाळत व्हते, चाळणी तशीच धरून बसले. बोलली ना पोरगी. इंग्लिश घेऊन बी.ए. करत व्हती ती कन्नडला, लग्नापायी शेवटचं वर्ष राहून गेलं — हे मला मागून कळलं. इंद्रजीत तसा हुशार. त्यानं ओळखलं, ही माझ्याशी अबोला धरू शकते, पण चुकीचा उच्चार हिला सहन होत नाय. मंग काय, मुद्दाम चुकायला लागला. तुमी तिकडं घसा कोरडा करून शिकवत असाल, आन् हा घरी येऊन नीट येणारा शब्द वाकडा करून म्हणायचा, की आतून दुरुस्ती आलीच.

उच्चारावरून मंग गाडी वाक्यांवर आली. ऑब्स्टिनेट म्हंजे हट्टी, व्हय ना? — मी टँकरच्या रांगेत प्रेरणाला विचारून घ्यायचे, ती हसत सांगायची. ह्यानं वाक्य केलं, माझी बायको ऑब्स्टिनेट हाय. ती म्हणाली, 'वाक्य बरोबर, माणूस चुकलं.' रोज असंच. दोघांचं भांडण सगळं इंग्लिशमधी, वहीतल्या शब्दांवर. मंग एक दिवस शब्द आला कन्सेंट, म्हंजे संमती. तिनं त्याला वाक्य करूच दिलं नाय, स्वतःच केलं — माझ्या कन्सेंटशिवाय तुम्ही माझी म्हैस विकली. तो तसाच उठून बाहेर गेला, त्या लाईटच्या खांबापाशी लई वेळ उभा व्हता. मला वाटलं, संपलं आता, हा क्लास सोडणार.

दुसऱ्या दिवशी आला तो नवाच शब्द घेऊन. रिमॉर्स. हा तुमी शिकवला व्हता का सर? — नाय ना. तेच म्हणते मी. त्यानं स्वतः डिक्शनरीतून काढला. अर्थ सांगितला — केल्याचा पस्तावा. उच्चार पण बरोबर केला, तिला दुरुस्त करायला काय ठेवलंच नाय. ती म्हणाली, 'वाक्यात उपयोग करा.' तो सुरू झाला इंग्लिशमधी आन् मधीच अडकला. मंग आपल्या बोलीत म्हणाला, 'तवा मी तुला विचारायला पायजे व्हतं. तू नाय म्हणाली असती म्हणून विचारलं नाय.' ती म्हणाली, 'म्हणालेच असते.' आन् मंग रडली, लई रडली, इतक्या दिवसांचं. मी दार लोटून घेतलं. भिंत पातळ असली तरी काय सगळंच ऐकायचं नसतं.

सुपरवायझर? नाय झाला, दुसऱ्याला घेतलं. दोन दिवस तोंड पाडून बसला व्हता, मंग विसरला. त्यानं तिच्या शेवटच्या वर्षाचा फॉर्म भरला — आधी विचारलं, मंग भरला. ती कॉलेजात जाते तवा घरचं हा बघतो, म्हणून क्लासला वेळ नाय. तुमचं शिकवणं वाईट नव्हतं सर, जरा जास्तच लागू पडलं.

थांबा, पाणी आणते — टँकरचंच हाय, पण गाळलेलं. आमची विहीर व्हती की, पलीकडं ती तीन मजली बिल्डिंग दिसते ना, तिच्याखाली. भर उन्हाळ्यात पाणी राहायचं तिला. आमच्या मालकांनी, पोरांच्या बापानं, शेत प्लॉटिंगवाल्याला दिलं, पोरांना विचारलं, भावाला विचारलं. मला जेसीबीचा आवाज आला तवा कळलं. त्या पैशावर ह्या खोल्या उभ्या राहिल्या, खायला कमी नाय, सगळे म्हणतात चांगलं झालं. झालं असेल. मी काय भांडले नाय सर. बोलतच नाय मी त्यांच्याशी, तवापासून. चहा ठेवते, जेवायला वाढते — जाऊ द्या, तुमच्यासारख्या परक्या माणसाला काय सांगत बसले मी.

तुमच्याकडं म्हाताऱ्यांची बॅच असते का हो? माझ्यासाठी नाय, मालकांसाठी म्हणते. जास्त काय शिकवू नका, तो पस्ताव्याचा एकच शब्द. उच्चार चुकला तरी चालेल, वाक्य तेवढं... हे काय, आलेच ते टँकरवाल्याला सांगून. पाणी प्या आन् निघा सर. नायतर बसा, क्लासला येता का ते आता तुमीच त्यांना विचारा.